औषधाच्या दुकानातलं पुस्तक

फ्रँक अर्ल रॉबिन्सन यांचं औषधांचं दुकान म्हणजे टेनेसी राज्यातल्या डेटन गावाचा कट्टा. अमेरिकेतल्या तेव्हाच्या औषधाच्या दुकानांची रीतच तशी होती. एकीकडे बाटल्या आणि गोळ्या, दुसरीकडे सोडा-सरबताचा काउंटर, आणि निवांत बसायला टेबल-खुर्च्या. शाळेची पुस्तकंही इथेच मिळायची. रॉबिन्सन हे काउंटीच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष होते. म्हणजे शाळेचा कारभार पाहणारेही तेच आणि शाळेची पुस्तकं विकणारेही तेच.

५ मे १९२५ रोजी त्या दुकानातल्या एका टेबलाभोवती गावातली काही मंडळी जमली. त्यांत शाळा अधीक्षक वॉल्टर व्हाइट होते, आणि हर्बर्ट व स्यू हिक्स हे वकील बंधूही. स्यू हे बाईचं नाव, पण गृहस्थ पुरुष. जन्मताच आई गेली म्हणून तिचं नाव लेकाला लावलेलं. ही बैठक जुळवून आणली होती जॉर्ज रॅपलिया या तरुण इंजिनिअरने. तो गावाजवळच्या कोळसा-लोखंड कंपनीचा कारभार पाहायचा. टेबलावर आदल्या दिवशीचं चॅटनूगाचं वर्तमानपत्र पडलेलं होतं.

त्यात न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन’ या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचं निवेदन छापून आलं होतं. टेनेसीने नुकताच एक कायदा केला होता. त्यानुसार सरकारी शाळेत, बायबलमधली निर्मितीकथा नाकारून, माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असं शिकवणं हा गुन्हा ठरला. या कायद्याला न्यायालयात आव्हान द्यायला एखादा शिक्षक तयार असेल तर खर्च आणि वकील आमचे, असं संस्थेचं म्हणणं होतं. रॅपलियाला कायदा पटत नव्हता. बाकीच्यांपैकी काहींना तो पटत होता. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं : खटला होणारच असेल तर तो डेटनमध्ये व्हावा. गावची लोखंडाची भट्टी कधीच थंडावली होती. १८९०च्या दशकात तीन हजारांच्या घरात असलेली वस्ती अठराशेवर आली होती. देशभरच्या वर्तमानपत्रांत गावाचं नाव झळकलं तर चार पैसे गावात येतील, हा हिशेब त्या टेबलावर मांडला गेला.

आता हवा होता आरोपी. जॉन स्कोप्स नावाचा चोवीस वर्षांचा शिक्षक मैदानावर टेनिस खेळत होता. त्याला निरोप धाडला. घामाघूम झालेला स्कोप्स आला, सोडा प्यायला. उत्क्रांती वगळून जीवशास्त्र शिकवता येतं का, असं मंडळींनी त्याला विचारलं. नाही, तो म्हणाला, आणि उठून दुकानाच्या फळीवरून एक पुस्तक काढून त्याने टेबलावर ठेवलं : जॉर्ज विल्यम हंटर यांचं ‘ए सिव्हिक बायॉलॉजी’. राज्याने मंजूर केलेलं हे पाठ्यपुस्तक होतं आणि त्यात उत्क्रांती होती. म्हणजे राज्याने एका हाताने जे पुस्तक शिक्षकाला दिलं, तेच शिकवल्याबद्दल दुसऱ्या हाताने शिक्षा ठेवली. खटल्याला उभा राहशील का, या प्रश्नाला स्कोप्सने होकार दिला आणि तो पुन्हा टेनिस खेळायला गेला. रॉबिन्सननी तेवढ्यात वर्तमानपत्राला फोन लावला : उत्क्रांती शिकवल्याबद्दल आमच्याकडे एकाला अटक झाली आहे.

‘माकड खटला’ म्हणून जगभर गाजलेलं प्रकरण असं उभं राहिलं. पुढे नाटकं-सिनेमांनी त्याला विज्ञान विरुद्ध धर्म असा रंग दिला, आणि तो अगदीच खोटा आहे असंही नाही. पण या खटल्याची खरी गंमत आणि खरं दुखणं कळायचं असेल, तर वकिलांपेक्षा त्या फळीवरच्या पुस्तकावर नजर ठेवावी लागते.

कायदा आणणारे जॉन वॉशिंग्टन बटलर हे मेकन काउंटीतले शेतकरी आणि आमदार. त्यांचं विधेयक जानेवारी १९२५ मध्ये कनिष्ठ सभागृहात ७१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झालं, मग सिनेटमध्ये २४ विरुद्ध ६ मतांनी. २१ मार्चला गव्हर्नर ऑस्टिन पी यांनी सही केली. दंड १०० ते ५०० डॉलर. हा कायदा प्रत्यक्षात कुणी राबवेल असं पी यांना वाटत नव्हतं. राज्यातल्या शाळा सुधारायला त्यांना ग्रामीण आमदारांची मतं हवी होती, आणि त्यांना दुखवणं परवडणारं नव्हतं.

मग डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९चा असताना भांडण पेटायला १९२५ का उजाडावं लागलं? याचं उत्तर शाळेच्या पटावर आहे. १९१० मध्ये टेनेसीतल्या हायस्कुलांत दहा हजारही मुलं नव्हती. १९२५ पर्यंत ती पन्नास हजारांवर गेली. तोवर उत्क्रांती ही विद्यापीठातल्या प्राध्यापकांची गोष्ट होती. आता ती मक्याच्या शेतावरच्या घरात पोराच्या दप्तरातून येऊ लागली. आजवर रात्री कंदिलाच्या उजेडात बायबल वाचणाऱ्या बापाच्या हाती मुलाचं पुस्तक पडलं. त्या बापाच्या दृष्टीने तक्रार सरळ होती : शाळेचा कर मी भरतो, शिक्षकाचा पगार मी देतो, आणि हा शिक्षक माझ्या मुलाला माझ्याच श्रद्धेविरुद्ध शिकवतो.

या बापाचा आवाज म्हणजे विल्यम जेनिंग्ज ब्रायन. डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली, तिन्ही वेळा ते हरले. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या मंत्रिमंडळात ते परराष्ट्रमंत्री होते. देश युद्धाकडे ओढला जातोय असं दिसल्यावर त्यांनी राजीनामा दिला. ब्रायनना सनातनी म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, पण माणूस एवढा सरळसोट नव्हता. शेतकऱ्यांची कर्जं, महिलांचा मताधिकार, बड्या मक्तेदार कंपन्यांना लगाम अशा प्रश्नांवर त्यांनी हयात घालवली होती. ‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा नियम आहे असं पोरांना शिकवलं, तर उद्या गिरणीमालक आणि सेनापती तोच नियम माणसांना लावतील, ही त्यांची भीती होती. पहिल्या महायुद्धात जर्मन अधिकारी डार्विनचं नाव घेऊन युद्धाचं समर्थन करत होते हे त्यांनी वाचलं होतं.

आणि ही भीती अगदीच निराधार नव्हती, हे दाखवणारी पानं हंटरच्या त्याच पुस्तकात होती. न्यूयॉर्कच्या एका हायस्कुलात शिकवणाऱ्या हंटरनी १९१४ मध्ये हे पुस्तक काढलं. नावातल्या ‘सिव्हिक’ या शब्दामागचा हेतू असा की, जीवशास्त्रातून चांगला नागरिक घडावा. त्यामुळे त्यात पिण्याच्या पाण्याची, माश्यांची आणि रोगांची माहिती होती. पण त्याचबरोबर मानवजातीच्या पाच वंशांची उतरंड लावून गोऱ्यांना सर्वांत वर बसवलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या गुन्हेगारी आणि ‘मंदबुद्धी’ वाहून नेणाऱ्या म्हणून काही कुटुंबांना समाजावरची बांडगुळं ठरवलं होतं आणि त्यांची वीण थांबवण्याचा सल्ला दिला होता. सुप्रजननशास्त्र हे तेव्हा सुशिक्षितांत प्रतिष्ठित शास्त्र होतं. खटल्यानंतर दोनच वर्षांनी, १९२७ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा लोकांच्या सक्तीच्या नसबंदीला हिरवा कंदील दाखवला. डेटनच्या कोर्टात मात्र या पानांवर कोणी भांडलं नाही. भांडण झालं ते वेगळ्याच पानावर.

ब्रायन सरकार पक्षाच्या मदतीला येणार हे कळताच शिकागोचे क्लॅरन्स डॅरो बचावासाठी स्वतःहून पुढे आले, फी न घेता. वय ६८, देशातले सगळ्यांत गाजलेले फौजदारी वकील, उघड अज्ञेयवादी. त्यांच्या जोडीला आर्थर गारफील्ड हेज आणि डडली फील्ड मलोन. मलोन हे ब्रायन परराष्ट्रमंत्री असताना त्यांच्याच खात्यात त्यांच्या हाताखाली होते. आरोपीचाही ब्रायनशी जुना संबंध निघाला. स्कोप्स इलिनॉयमधल्या सेलम गावच्या शाळेत शिकला, आणि सेलम हे ब्रायन यांचं जन्मगाव. १९१९ साली त्याच्या शाळेच्या निरोप समारंभात पाहुणे म्हणून ब्रायनच आले होते. भाषणात ‘स’चा उच्चार करताना त्यांची शीळ वाजली आणि पुढच्या रांगेतल्या पोरांना हसू आवरेना. त्या पोरांत स्कोप्स होता, आणि ब्रायनना ते डेटनमध्येही आठवत होतं.

जुलै उजाडला तसा गावाला जत्रेचं रूप आलं. रस्त्यावर लिंबू सरबत आणि सॉसेजच्या गाड्या लागल्या, धर्मप्रचारकांचे तंबू पडले. जो मेंडी नावाच्या चिंपांझीला कोट-पाटलोण घालून मिरवलं गेलं. शंभराहून अधिक पत्रकार गावात उतरले. शिकागोच्या ‘डब्ल्यूजीएन’ रेडिओने कोर्टात मायक्रोफोन बसवले. अमेरिकेत खटल्याचं थेट प्रक्षेपण पहिल्यांदाच होत होतं. बाल्टिमोरहून एच. एल. मेन्केन आला. त्याच्या वर्तमानपत्राने स्कोप्सचा जामीन भरला, आणि तो स्वतः गावकऱ्यांची यथेच्छ टिंगल करणारे वृत्तांत रोज धाडू लागला. गावाला प्रसिद्धी हवी होती. मिळाली, पण अशी मिळाली.

१० जुलै, शुक्रवार. ऱ्हे काउंटीच्या कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावरची मोठी खोली खच्चून भरलेली. उकाडा असा की न्यायाधीश जॉन रॉल्स्टन यांनी वकिलांना कोट काढायची मुभा दिली. डॅरो गॅलिस ताणत उभे, ब्रायन ताडाच्या पानाच्या पंख्याने वारा घेत बसलेले. कामकाजाची सुरुवात प्रार्थनेने झाली. त्यानंतर न्यायाधीशांनी आरोप ठेवणाऱ्या ग्रँड ज्युरीला बायबलमधल्या ‘उत्पत्ती’चा पहिला अध्याय वाचून दाखवला. मराठी बायबल वाचणाऱ्याला खटल्याचा सारांश दोन शब्दांत सांगता येईल : उत्पत्ती विरुद्ध उत्क्रांती. ज्युरीवर बारा पुरुष बसले, त्यांतले बहुतेक शेतकरी. एकाला वाचता येत नव्हतं.

सरकारी वकील टॉम स्टुअर्ट यांची बाजू सोपी होती. कायदा काय म्हणतो ते स्पष्ट, आणि शिक्षकाने काय शिकवलं तेही स्पष्ट. १५ जुलैला साक्षी झाल्या आणि पहिल्यांदा ते पुस्तक कोर्टात उघडलं गेलं. चौदा वर्षांच्या हॉवर्ड मॉर्गनने सांगितलं, सरांनी आम्हाला शिकवलं की पृथ्वी पूर्वी तप्त गोळा होती, मग समुद्रात एकपेशी जीव झाला, तो बदलत बदलत शेवटी माणूस झाला. डॅरोंनी उलटतपासणीत मुलाला विचारलं, हे शिकून तुला काही इजा झाली का? नाही साहेब, मुलगा म्हणाला, आणि कोर्टात हशा पिकला.

मग साक्षीला आले दुकानदार रॉबिन्सन. पुस्तक आपण विकतो हे त्यांनी कबूल केलं. शाळा मंडळाचे अध्यक्ष तुम्हीच ना, असं डॅरोंनी विचारलं, आणि साळसूदपणे सुचवलं की साक्षीदाराला स्वतःवर गुन्हा ओढवून घेणारं उत्तर देण्याची सक्ती नसते, हे त्यांना कोणीतरी सांगावं. स्टुअर्टनी तितक्याच चटकन उत्तर दिलं : कायद्याने शिकवायला बंदी केली आहे, विकायला नाही. पुन्हा हशा. त्या हशात एक गोष्ट मात्र सगळ्यांसमोर उघडी पडली. पुस्तक मंजूर करणारं सरकार, छापणारा प्रकाशक, विकणारा अध्यक्ष हे सगळे निर्दोष. गुन्हेगार एकटा, पुस्तक वाचून दाखवणारा.

दुसऱ्या दिवशी ब्रायन पहिल्यांदा सविस्तर बोलायला उभे राहिले, हातात तेच पुस्तक घेऊन. हंटरनी प्राणिसृष्टीचं एक झाड काढलं होतं. प्रत्येक फांदीवर वर्तुळ, आणि प्राण्यांच्या जाती जितक्या जास्त तितकं ते मोठं. कीटकांचं वर्तुळ सर्वांत मोठं, ३,६०,००० जातींचं. सस्तन प्राण्यांच्या वाट्याला ३,५०० जातींचं एवढंसं वर्तुळ, आणि माणूस त्यात कुठेतरी. त्याला वेगळं नावही नाही. ब्रायननी कोर्टाला विचारलं, एवढ्याशा वर्तुळात माणसाला बाकीच्या ३,४९९ प्राण्यांबरोबर कोंडून टाकायचं? त्याचा आत्मा, त्याचं देवाशी नातं याला जागाच ठेवायची नाही? लोक हसले, टाळ्या पडल्या. तरी त्या प्रश्नात खरी कळ होती. उत्क्रांतीचा सांगाडा पटायला फारसं अवघड नव्हतं. अवघड होतं ते स्वतःचं वेगळं वर्तुळ सोडून देणं.

उत्तराला मलोन उठले. मुलांच्या डोक्याला कुलपं लावू नका, सत्याला कायद्याची गरज नसते, अशा आशयाचं त्यांचं भाषण झालं आणि टाळ्यांचा कडकडाट ब्रायनपेक्षा मोठा झाला. तोही त्याच गावच्या, त्याच बायबल वाचणाऱ्या लोकांचा. मेन्केनच्या वृत्तांतातले अडाणी गावकरी आणि प्रत्यक्षातले गावकरी एक नव्हते.

बचाव पक्षाने देशभरातून शास्त्रज्ञ बोलावले होते. उत्क्रांती म्हणजे नेमकं काय, आणि ती मानणारा माणूस श्रद्धावान असू शकतो की नाही, हे त्यांना सांगायचं होतं. सरकार पक्ष म्हणाला, याचा प्रश्नच येत नाही. शिकवलं की नाही, एवढाच मुद्दा आहे. १७ जुलैला रॉल्स्टननी सरकार पक्षाच्या बाजूने निर्णय दिला. ज्युरीसमोर एकाही शास्त्रज्ञाची साक्ष होणार नाही. अपिलासाठी त्यांची लेखी निवेदनं नोंदवून घेतली जातील. डॅरो असे चिडले की त्यांच्यावर न्यायालयाच्या अवमानाची नोटीस आली; सोमवारी त्यांनी माफी मागितली. आता काही शिल्लक नाही असं समजून मेन्केन गाव सोडून गेला. आणि बातमी घडायची होती ती त्यानंतर.

सोमवार, २० जुलै. गर्दीच्या वजनाने दुसऱ्या मजल्याची जमीन खचेल अशी धास्ती वाटू लागली, म्हणून न्यायाधीशांनी कोर्ट बाहेर झाडांच्या सावलीत, हिरवळीवरच्या मंचावर हलवलं. समोर भिंतीवर ‘बायबल वाचा’ असा भला मोठा फलक. डॅरोंनी हरकत घेतली आणि तो उतरवला गेला. मग हेजनी जाहीर केलं की, बचाव पक्षाला बायबलचे तज्ज्ञ म्हणून ब्रायन यांची साक्ष घ्यायची आहे. विरोधी वकिलालाच साक्षीदार करण्याचा हा प्रकार विरळाच. स्टुअर्टनी विरोध केला, पण ब्रायन स्वतःच मंचावरच्या खुर्चीत जाऊन बसले.

पुढचे सुमारे दोन तास डॅरो प्रश्न विचारत राहिले. माशाने योनाला खरंच गिळलं का? यहोशवाने सूर्य थांबवला, म्हणजे खरं तर पृथ्वी थांबायला हवी; ती अशी थांबली असती तर तिचं काय झालं असतं? इसवीसनापूर्वी २३४८ मध्ये जलप्रलय झाला म्हणता, मग त्याआधीपासूनच्या संस्कृतींचं काय? काईनला बायको कुठून मिळाली? ब्रायन म्हणाले, तिचा शोध अज्ञेयवाद्यांनीच घ्यावा. लोक हसत होते, पण हळूहळू हसण्याचा रोख बदलत गेला. शेवटी डॅरो निर्मितीच्या सहा दिवसांवर आले. ते दिवस चोवीस तासांचे होते का? ब्रायन म्हणाले, तसं मानण्याची गरज नाही. एकेक दिवस म्हणजे लाखो वर्षांचा काळही असू शकेल.

समोर बसलेल्या त्यांच्याच माणसांना धक्का बसला. बायबलचा अर्थ लावावा लागतो हे एकदा मान्य झालं की तो कुणी लावायचा, हा प्रश्न उरतो, आणि कायदा तर तो अर्थ सरकारने ठरवला आहे असं गृहीत धरून चालला होता. आवाज चढले, दोघेही उभे राहून एकमेकांकडे मुठी हलवू लागले, तेव्हा न्यायाधीशांनी कामकाज आटोपतं घेतलं. ज्युरी या वेळी बाहेर होती. जगाने वाचलेली ही साक्ष बाराजणांच्या कानावर पडलीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती नोंदीतूनही काढून टाकण्यात आली.

२१ जुलैला डॅरोंनीच ज्युरीला सांगितलं : दोषी ठरवा, म्हणजे आम्हाला वरच्या कोर्टात जाता येईल. त्यात एक डाव होता. बचाव पक्षाने समारोपाचं भाषण सोडलं की सरकार पक्षालाही ते करता येत नाही, आणि आठवड्यांपासून घडवलेलं ब्रायनचं भाषण कागदावरच राहिलं. ज्युरी नऊ मिनिटांत परतली : दोषी. रॉल्स्टननी १०० डॉलर दंड ठोठावला. दंडाची रक्कम ज्युरीने ठरवायची की न्यायाधीशाने, हा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी दारूबंदीच्या खटल्यांतला प्रघात सांगितला, आणि बचाव पक्षाने हरकत घेतली नाही. आरोपीला काही म्हणायचं आहे का हे विचारायचंच राहून गेलं होतं, ते एका वकिलाने लक्षात आणून दिलं. संपूर्ण खटल्यात स्कोप्स पहिल्यांदा बोलला : कायदा अन्यायाचा आहे आणि मी त्याला विरोध करत राहीन. पाच दिवसांनी, रविवारी, डेटनमध्येच दुपारचं जेवण करून ब्रायन झोपले ते उठलेच नाहीत.

डॅरो आणि त्यांच्या साथीदारांना खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायचा होता. टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ च्या जानेवारीत तो रस्ताच बंद केला. कायदा वैध ठरवला, पण शिक्षा रद्द केली. कारण काय, तर राज्यघटनेप्रमाणे ५० डॉलरवरचा दंड ज्युरीनेच ठरवायचा असतो, न्यायाधीशाने नाही. आरोपी आता राज्याच्या नोकरीत नाही, हे विचित्र प्रकरण लांबवण्यात अर्थ नाही, असं म्हणून न्यायालयाने सरकारला खटला काढून घ्यायला सुचवलं. शिक्षाच उरली नाही, मग अपील कशावर करणार? शंभर डॉलरच्या दंडातल्या चुकीने कायदा वाचवला.

शहरांतल्या वर्तमानपत्रांनी ब्रायन हरले, विज्ञान जिंकलं असा निर्वाळा देऊन टाकला होता. प्रत्यक्षात १९२६ मध्ये मिसिसिपीने आणि १९२८ मध्ये आर्कन्सॉने असेच कायदे केले. पण खरी पडझड कायद्यांपेक्षा शांतपणे झाली. प्रकाशकाला पुस्तक सगळ्या राज्यांत विकायचं असतं. एका पानामुळे टेनेसी आणि टेक्सस हातचे जाणार असतील, तर ते पान काढणं हा त्याच्या दृष्टीने साधा हिशेब. हंटरच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती १९२६ मध्ये आली, तीत उत्क्रांती हा शब्द उरला नव्हता आणि वर्तुळांचं झाडही नव्हतं. इतर पुस्तकांतही तो विषय आक्रसला, मागच्या प्रकरणांत ढकलला गेला किंवा ‘विकास’ अशा मऊ शब्दाआड लपला. बंदीचे कायदे मोजक्या राज्यांत होते, पण पातळ केलेली पुस्तकं देशभर गेली. कायद्याविरुद्ध कोर्टात जाता येतं, त्यासाठी डॅरो सापडतो. प्रकाशकाने गुपचूप गाळलेल्या परिच्छेदाविरुद्ध कोण जाणार, आणि कुठे? जे छापलंच नाही ते शिकवल्याबद्दल कोणावर खटला होत नाही.

ते पान परत आणलं सोव्हिएत रशियाने. १९५७ मध्ये स्पुटनिक आकाशात फिरला आणि आपलं विज्ञानशिक्षण मागे पडल्याची जाणीव अमेरिकेला झाली. सरकारी पैशातून जीवशास्त्राची नवी पाठ्यपुस्तकं तयार झाली. १९६०च्या दशकात ती शाळांत आली, आणि त्यांत उत्क्रांती ठळकपणे होती. लगेच खटलाही आला. आर्कन्सॉच्या लिटल रॉकमध्ये सूझन एपरसन या शिक्षिकेच्या हाती १९६५ मध्ये उत्क्रांतीचं प्रकरण असलेलं नवं पुस्तक पडलं. शिकवावं तर कायदा मोडतो, गाळावं तर शाळेने लावलेलं पुस्तक अर्धवट राहतं : १९२५चाच पेच. या वेळी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. १९६८ मध्ये न्यायालयाने असे कायदे घटनाबाह्य ठरवले. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती एब फोर्टस यांनी. ते मूळचे टेनेसीतल्या मेम्फिसचे. डेटनचा खटला चालला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. टेनेसीने आपला कायदा आदल्याच वर्षी मागे घेतला होता. स्कोप्स तेव्हा हयात होता. शिकागो विद्यापीठात तो भूगर्भशास्त्र शिकला, व्हेनेझुएलात तेल शोधलं, लुइझियानात नोकरी केली आणि बहुतेक आयुष्य प्रसिद्धीपासून दूर काढलं.

भांडण मात्र संपलं नाही, त्याने फक्त पुस्तक बदललं. २००४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने असं ठरवलं की, उत्क्रांतीत त्रुटी आहेत आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’ हा पर्याय आहे असं निवेदन वर्गात वाचून दाखवायचं, आणि त्यासाठी ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक सुचवायचं. विज्ञानशिक्षकांनी निवेदन वाचायला नकार दिला, अकरा पालक कोर्टात गेले. तिथे या पुस्तकाचे जुने खर्डे हजर झाले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मितीवाद शिकवण्याची सक्ती करणारा लुइझियानाचा कायदा रद्द केला, त्याच सुमारास खर्ड्यांतल्या ‘निर्मितीवादी’ शब्दाच्या जागी ‘डिझाइनचे समर्थक’ असे शब्द घातले गेले होते. एका ठिकाणी बदल करणाऱ्याचा हात घसरला आणि दोन्ही शब्द एकमेकांत अडकून राहिले. ती छपाईपूर्व चूक साक्षीदारासारखी बोलली. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला : हे विज्ञान नाही, धर्माचंच दुसरं नाव आहे.

आपल्याकडे या विषयावर डेटनसारखं कोर्ट भरलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला एका संमेलनासाठी आलेले तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, अभ्यासक्रम बदलायला हवा, असं म्हणाले. हे गृहस्थ पूर्वी मुंबईचे पोलिस आयुक्त होते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्यांचं म्हणणं खोडलं आणि त्यांचे वरिष्ठ, पुण्याचे प्रकाश जावडेकर यांनी त्यांना असं न बोलण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षी आपल्या राज्य मंडळाचं दहावीच्या विज्ञानाचं नवं पुस्तक आलं. त्याच्या दुसऱ्या भागातलं पहिलंच प्रकरण आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. केंद्राच्या पुस्तकाची वाट वेगळी झाली. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या अशाच नावाच्या प्रकरणातून, करोनाकाळातला अभ्यासाचा भार कमी करण्याच्या नावाखाली, उत्क्रांती वगळली गेली. २०२३ मध्ये प्रकरणाच्या नावात फक्त आनुवंशिकता उरली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्यांचं पत्र काढलं. मंत्र्याचं विधान गाजलं आणि विरलं. त्या मानाने पुस्तकातली काटछाट कमी गाजली, आणि केंद्राच्या पुस्तकावर शिकून दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाच्या वाट्याला ते प्रकरण आता येतच नाही.

डेटनच्या कोर्टाच्या आवारात आज दोन पुतळे आहेत. ब्रायन यांचा २००५ मध्ये बसला, डॅरोंचा २०१७ मध्ये. हंटरच्या पुस्तकाचा पुतळा कोण बसवणार? आणि त्या पुस्तकातल्या उत्क्रांतीच्या पानांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. जीवशास्त्र हा स्कोप्सचा नेहमीचा विषय नव्हता. तो सामान्य विज्ञान शिकवायचा आणि मुलांचा फुटबॉल घ्यायचा. मुख्याध्यापक आजारी पडले म्हणून थोडे दिवस तो त्यांच्या वर्गावर गेला, आणि हंटरचं पुस्तक उघडून परीक्षेची उजळणी घेतली. साक्षीत त्याला कधी उभं केलं नाही, त्यामुळे कोर्टाला त्याने याबद्दल काही सांगितलं नाही. नंतर मात्र त्याने कबूल केलं, की उत्क्रांतीचा तो धडा आपण खरोखर शिकवला होता का, हे आपल्याला आठवत नाही.